एफएमजीई : तीनशेपैकी दीडशे कुठून आणायचे

रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स, चीन अशा देशांतून डॉक्टरकीची पदवी घेऊन आलेल्या भारतीय विद्यार्थ्याला इथे इंटर्नशिप सुरू करण्याआधी एफएमजीई (फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट एक्झामिनेशन) पास करावी लागते. परीक्षा २००२ च्या नियमांनी आली आणि पुष्कळ जण तिला अजून नुसतं ‘स्क्रीनिंग’ म्हणतात. वैद्यकीय परीक्षा घेणारं राष्ट्रीय मंडळ एनबीईएमएस ती वर्षातून दोनदा घेतं. एकाच दिवशी दोन भाग, प्रत्येक भागात १५० प्रश्न आणि १५० मिनिटं, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि १५० गुणांना पास. रँक नसते, त्यामुळे दुसऱ्याच्या मार्कांशी तुम्हाला काही देणंघेणं नाही.

आता एक हिशोब करून बघा. शंभर प्रश्न पक्के येत असतील आणि उरलेले दोनशे डोळे मिटून टिक केले, तरी चारातला एक या दराने सरासरी पन्नास बरोबर येतात. म्हणजे दीडशे! तरी कित्येक सत्रांत पाचातला जेमतेम एक पास होतो. कारण ‘पक्के’ वाटणाऱ्या शंभरांतले वीस-पंचवीस पक्के नसतात. वाचलेलं असतं, पण दोन पर्याय शेजारी आले की कोणता ते सांगता येत नाही. शिवाय नशिबाचे पन्नास कधी चाळीस होतात, कधी साठ. म्हणून तयारी दीडशेची करू नये. ग्रँड टेस्टमध्ये (पूर्ण पेपराच्या सराव परीक्षेत) सातत्याने १७५-१८० पडायला लागले की फॉर्म निश्चिंतपणे भरावा.

गुणांची वाटणी माहितीपत्रकात छापलेली असते, ती अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवा. अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७. पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकोलॉजी प्रत्येकी १३. फॉरेन्सिक १०. इथे शंभर झाले. उरलेल्या दोनशेत मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूती ३०, पीएसएम (सार्वजनिक आरोग्यशास्त्र) ३०. पेडियाट्रिक्स, नेत्ररोग आणि ईएनटी प्रत्येकी १५. मानसोपचार, त्वचारोग, रेडिओथेरपी, भूल, अस्थिरोग आणि रेडिओडायग्नोसिस प्रत्येकी ५.

या यादीकडे नीट पाहिलं तर वेळ कुठे घालवायचा ते आपोआप कळतं. मेडिसिनचे व्हिडिओ शंभर तासांच्या पुढे जातात आणि गुण मिळतात ३३. ऑप्थल आणि ईएनटी दोन्ही मिळून पंधरा-वीस दिवसांत नीट होतात आणि त्यांचे ३० आहेत. फॉरेन्सिक आणि सहा छोटे विषय मिळून आणखी ४०. पीएसएमचे ३० धरले की शंभर गुण अशा विषयांत आहेत, ज्यांना बहुतेक जण ‘शेवटी बघू’ म्हणतात. शेवट मात्र कधी येत नाही, मेडिसिनचा बॅकलॉगच चालू राहतो. मेडिसिन सोडा असं कुणी म्हणत नाही, फक्त त्याने सुरुवात करू नका. पहिल्या वर्षाचे तीन विषय मिळून ५१ होतात, मेडिसिनपेक्षा कितीतरी जास्त. पण ते शिकून पाच वर्षं झालेली असल्यामुळे त्यांना दोनदा तरी हात लावावा लागतो.

परदेशात शिकलेल्यांचं खरं नुकसान पीएसएममध्ये होतं. तिथल्या कॉलेजात ‘पब्लिक हेल्थ’ शिकवतात ते त्या देशाचं. इथे विचारतात सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ-आदिवासी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,०००. लसीकरणाचं वेळापत्रक कोऱ्या कागदावर न बघता लिहिता आलं पाहिजे: जन्मतः बीसीजी, शून्य पोलिओ, हिपॅटायटिस बी, सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटा (पाच रोगांची एकत्र लस), पोलिओ, रोटा, इंजेक्शनचा पोलिओ सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, २०२३ पासून तिसरा नऊ महिन्यांना. बीसीजी आणि एमआरची (गोवर-रुबेला) कुपी विरघळवल्यावर चार तासांत टाकून द्यायची, पेंटाची मात्र अटी पाळल्या तर २८ दिवस चालते. असा फरक हमखास पर्यायांत असतो. अंतरा हे तीन महिन्यांनी द्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन. छाया ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. गरोदर बाईला ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड रोज, १८० दिवस. गावात आशाताई किंवा एएनएम ओळखीच्या असतील, तर त्यांच्याबरोबर लसीकरण सत्रात एक दिवस बसा. आईसबॉक्स, कुपीवरचा व्हीव्हीएम (उष्णतेने रंग बदलणारी खूण) आणि माता-बाल संरक्षण कार्ड एकदा हातात घेतलं की पाठांतर निम्म्यावर येतं.

इथे जुन्या नोट्स घात करतात. क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०२० पासून एनटीईपी (क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम) नावाने चालतो. ‘कॅटेगरी दोन’ (पुन्हा उपचार घेणाऱ्यांचा वेगळा गट) बंद झाली आहे. औषधांना दाद देणाऱ्या क्षयाला दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन, तीही रोज. सीनियरच्या झेरॉक्समध्ये अजून आठवड्यातून तीनदा डोस दिसत असेल, तर ती झेरॉक्स रद्दीत घाला. फॉरेन्सिकचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता (बीएनएस) आणि सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस) आली. संशयास्पद मृत्यूच्या पोलिस पंचनाम्याचं सीआरपीसीतलं जुनं कलम १७४ आता बीएनएसएसचं १९४ आहे, खुनाचं ३०२ आता बीएनएसचं १०३, हुंडाबळीचं ३०४-ब आता ८०. नुसता आकडा बदललाय असंही नाही: गंभीर दुखापतीच्या व्याख्येतले २० दिवस आता १५ झाले आहेत. जुनं-नवं असा दोन रकान्यांचा तक्ता हाताने करा, एका संध्याकाळचं काम आहे.

चित्रांच्या प्रश्नांत दुसरी अडचण. परदेशातल्या वॉर्डात भाषा येत नाही म्हणून पेशंटशी बोलणं कमी होतं, आणि एक्स-रे, ईसीजी, ऑडिओग्राम हातात येतच नाहीत. मग २,००० हर्ट्झला खाच असलेला आलेख बघून ओटोस्क्लेरोसिस सुचत नाही, आणि मानेच्या एक्स-रेत एपिग्लॉटायटिसची अंगठ्यासारखी सावली आणि क्रूपचं निमुळतं टोक यांची अदलाबदल होते. रोज वीस चित्रं पुरतात: उपकरणं, त्वचेचे डाग, फंडस (डोळ्याचा आतला पडदा), पॅथॉलॉजीच्या स्लाइड्स. नाव झाकून ओळखायचं. खाली लिहिलेलं वाचत चित्र बघितलं तर काही उपयोग नाही.

‘रिकॉल’च्या पुस्तकांबद्दल. एनबीईएमएस प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करत नाही, उत्तरसूचीही नाही. बाजारातले मागचे प्रश्न म्हणजे परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून लिहिलेलं. त्यात पर्याय बदललेले असतात, कधी अख्खा प्रश्नच. त्यांतून विषय कोणते फिरून येतात एवढं घ्या. उत्तराचा पर्याय पाठ करू नका.

हाताशी सहा-सात महिने असतील तर पहिली फेरी साडेतीन-चार महिन्यांत संपवा. छोटे विषय आणि पीएसएम आधी, मग पॅथॉलॉजी, मायक्रो, फार्मा, मग मोठे क्लिनिकल. व्हिडिओ बघितला त्याच दिवशी त्या भागाचे पन्नास प्रश्न सोडवायचे, ही एकच गोष्ट कटाक्षाने पाळा. चुकलेल्या प्रश्नांची वही वेगळी. त्यात प्रश्न न लिहिता, का चुकलं ते एका ओळीत. दुसरी फेरी दीड महिन्यात, तिसरी तीन आठवड्यांत. अभ्यास बहुतेकांचा फसतो तो पहिली फेरी सहा महिने लांबल्यामुळे. सगळे विषय एकदाच वाचलेल्याला परीक्षेत फक्त ‘हे कुठेतरी बघितलंय’ एवढंच आठवतं.

ग्रँड टेस्ट परीक्षेसारखीच द्यायची: सकाळी १५० प्रश्न, जेवण, दुपारी १५०. दुपारचे गुण सकाळपेक्षा कमी येत असतील तर आधी जेवणाचा आणि झोपेचा विचार करा, मग अभ्यासाचा. पेपरात वेळेने बांधलेले विभाग असतात. वेळ संपली की विभाग बंद, मागे जाता येत नाही. आपल्या सत्रातली विभागणी माहितीपत्रकात बघून तशीच टेस्ट लावा. मिनिटाला एक प्रश्न हा वेग. अडलं तर खूण करून पुढे, पण काहीतरी टिक करूनच पुढे. विभाग बंद होताना कोरा राहिलेला प्रश्न म्हणजे फुकट सोडलेला पाव गुण.

कागदपत्रं हा वेगळाच पेपर आहे. महाराष्ट्राच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम निराळा. आणि रशियन लिपीतून परत इंग्रजीत येताना महेशचा ‘माखेश’ झालेला. पदवीवरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का, हे विद्यापीठ सोडण्याआधी तिथेच बघा. इथे आल्यावर दुरुस्तीला महिने जातात. पदवीवर अपोस्टिल किंवा दूतावासाचं साक्षांकन, नीटचा निकाल, पासपोर्ट यांचे स्वच्छ स्कॅन फॉर्म निघण्याआधी तयार ठेवा. त्रुटी कळवल्यावर मिळणारी मुदत छोटी असते आणि ती चुकली तर ते सत्र गेलं.

१८ नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेतलेल्यांना नवे नियम लागू आहेत: किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, भारतात आणखी १२ महिने, आणि हे सगळं प्रवेशापासून दहा वर्षांत. परीक्षा कितीही वेळा देता येते, पण या मुलांच्या डोक्यावर दहा वर्षांचं घड्याळ आहे. पास झाल्यावर ओळख पडताळणी होऊन प्रमाणपत्र मिळतं, मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिपची जागा. या तिन्ही ठिकाणी मूळ कागद लागतात, त्यामुळे पदवीचं मूळ पत्र कुरिअरने कुणाकडेही पाठवू नका.