दहावी आली म्हणून खेळ बंद? या चुका टाळा

जून उजाडला की आमच्या खो-खोच्या संघातून तीन-चार पोरं गळतात. "सर, यंदा दहावी आहे," एवढंच सांगतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खेळ सोडून वाचलेला तास पुस्तकाला मिळतो, असं मला तरी क्वचितच दिसलं. तो मोबाइल खातो. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे, त्यात दहावीला सूट नाही. तास सलग नको. क्लासला सायकलने जा-ये २० मिनिटं, संध्याकाळी अर्धा तास कबड्डी, सकाळी १२ सूर्यनमस्कार, झाला हिशेब.

दुसरी चूक मार्चमधली. शेवटचा पेपर टाकला की पोरगं थेट मैदानात, वॉर्मअप न करता. एकजण आठवीतले बूट घालून आला होता. दोन फेऱ्यांत अंगठ्याचं नख काळंनिळं. या वयात पाय भराभर वाढतो. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. आणि पहिले दोन आठवडे निम्माच जोर लावावा.

गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखतंय? हाडं झपाट्याने वाढत असताना मांडीचा स्नायू नडगीच्या हाडाला ओढ देतो, त्यातून हे होतं. उड्या काही दिवस कमी करा, खेळून आल्यावर बर्फ लावा. रात्री झोपमोड होत असेल किंवा पोर लंगडत असेल, तर मात्र तेल चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे न्या.

मुलींच्या बाबतीत घरचेच आडवे येतात. पाळीत त्रास होत नसेल तर खेळायला हरकत नाही. हाडांची बहुतेक भर विशीच्या आसपास पुरी होते, तेव्हा उड्या मारायचं वय हेच. पूर्वी पळणारी मुलगी आता दोन फेऱ्यांत बसत असेल, तर आळशी म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासा.

प्रोटीन पावडरच्या डब्यांबद्दल काय बोलणार! आधी डब्यात उसळ, अंडं, शेंगदाण्याचा लाडू द्या.

राहिले क्रीडा गुण, म्हणजे दहावीच्या निकालात खेळासाठी मिळणारे जादा गुण. नववीच्या शेवटी "सर, कुठला खेळ घेतला तर गुण मिळतील?" विचारणारे पालक दरवर्षी येतात. ते गुण स्पर्धेत उतरलेल्यांसाठी असतात. मी त्यांना विचारतो, पोराला संध्याकाळी साडेपाचला सोडाल का? बहुतेकांचा क्लास पाचलाच असतो.