इंदूरमध्ये मराठी सामुदायिक रेडिओ काढायचा असेल तर

परवान्याचा अर्ज आपल्या मंडळाच्या, म्हणजे नोंदणीकृत संस्थेच्या, नावाने करा. एकट्या व्यक्तीला किंवा राजकीय पक्षाला परवाना मिळत नाही. संस्था ना-नफा हवी, नोंदणीला किमान 3 वर्षे झालेली हवीत. अर्ज केंद्राच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर.

ट्रान्समीटर (आवाज हवेत सोडणारं यंत्र) मात्र आधी घेऊन ठेवू नका. फ्रिक्वेन्सी आणि वायरलेस परवाना हाती येईपर्यंत तो नुसता धूळ खातो, आणि परवान्याविना चालू केलात तर गुन्हाच. प्रभावी शक्ती (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी) साधारण 100 वॅट, अँटेना जमिनीपासून 15 ते 30 मीटर. उंच इमारतींमागे आवाज खरखरतो, म्हणून जागा निवडतानाच गच्चीवर चढून चारी दिशा पाहा.

निम्मे कार्यक्रम स्थानिक हवेत. बातम्या फक्त आकाशवाणीच्या, जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत भाषांतर करून (लोकशाहीत हे खटकतंच). जाहिराती तासाला 12 मिनिटांपर्यंत. ध्वनिमुद्रणं 3 महिने जपा. तक्रार आली की तीच मागतात.