सर्व्हर बसला की लगेच रॅम बदलू नका : या चुका टाळा

भोसरी एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. तिथल्या एका लहान कारखान्यातला सर्व्हर एका एप्रिलमध्ये नेमका गुरुवारीच बंद पडायला लागला. शुक्रवारी सकाळी स्टोअरमधून फोन यायचा, "सर, ईआरपी (स्टॉक-चलनांचं सॉफ्टवेअर) उघडत नाहीये." मी पोचेपर्यंत कुणीतरी बटण दाबून मशीन चालू केलेलं असायचं आणि चलनं निघायला लागलेली असायची. दुसऱ्या आठवड्यात मी रॅमच्या दोन्ही पट्ट्या बदलल्या. तिसऱ्या गुरुवारी सर्व्हर पुन्हा बसला.

रीस्टार्ट मारायची घाई

काम अडलेलं असतं, वर मालक उभे असतात, हे मी समजू शकतो. तरी बटण दाबण्याआधी दोन मिनिटं द्या. मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढा, पुढच्या पॅनेलवर कुठला दिवा पिवळा किंवा लाल लागलाय त्याचाही काढा. मशीन पूर्ण बंद आहे, चालू असून हँग आहे, की आपोआप रीस्टार्ट झालंय, ते लिहून ठेवा. पूर्ण बंद असेल तर आधी वीज आणि उष्णतेकडे बघायचं. हँग असेल तर रॅम, डिस्क, ड्रायव्हर. हा काही पक्का नियम नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. रात्री लाइट गेली होती का, हे वॉचमनला विचारा. त्याला हमखास माहीत असतं.

फक्त विंडोजचाच लॉग बघणं

लॉग म्हणजे मशीनने स्वतः लिहिलेल्या नोंदी. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसली की "पॉवरचा प्रॉब्लेम" म्हणून लोक एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदलून मोकळे होतात. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच ४१ सांगतो. का पडलं, ते सांगत नाही. हार्डवेअरची तक्रार असेल तर डब्ल्यूएचईए-लॉगर नावाच्या नोंदी शोधा. लिनक्सवर जर्नल, म्हणजे तिथला लॉग, डिस्कवर साठतोय ना, हे आधीच बघून ठेवा, म्हणजे मागच्या बूटचा लॉग काढता येतो. त्यात 'मशीन चेक' किंवा 'हार्डवेअर एरर' शोधा. लॉग मध्येच तुटला असेल आणि शटडाउनची एकही ओळ नसेल, तर लिहायलाही वेळ मिळाला नाही असं समजा.

खरी माहिती बहुतेक वेळा मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असते. डेलमध्ये आयड्रॅक, एचपीमध्ये आयएलओ. सर्व्हर मेला तरी त्या चिपची वही, म्हणजे तिचा स्वतःचा लॉग, शाबूत राहते. ती वही मी पहिल्याच आठवड्यात उघडली होती. तापमानाची नोंद होती, पण सकाळी ८:५२ची. सर्व्हर बसला होता दुपारी, म्हणून मी ती सोडून दिली. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की त्या चिपचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. साडेपाच तास मिळवले की दुपारचे २:२२.

मग सगळं जुळलं. सुट्टी म्हणून बॅकप गुरुवारी दुपारी दोनला लावलेला. बुधवारी शेवटचा माणूस वीज वाचावी म्हणून सर्व्हरच्या केबिनचा एसी बंद करून जायचा. वर पत्र्याचं छप्पर. झाकण उघडलं तर हिटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पात्यांमध्ये कारखान्यातल्या यंत्रांच्या कूलंटचं तेल आणि लोखंडाची बारीक धूळ मिळून नमद्यासारखा थर जमलेला. ब्रश त्यावरून नुसता घसरत होता, शेवटी थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढला. म्हणजे दोष रॅमचा नव्हताच, बॅकपच्या ताणाने मशीन तापून बंद पडत होतं.

एका दमात चार गोष्टी बदलणं

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून रॅम, एसएमपीएस, केबल एकदमच आणून बसवली, तर सर्व्हर चालेल, पण दोष कशात होता ते कधीच कळणार नाही. एका वेळी एकच बदल करा. रॅमचा संशय असेल तर पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवा. एरर पट्टीबरोबर गेली तर पट्टी खराब, जागेवरच राहिली तर स्लॉट, बोर्ड किंवा प्रोसेसर. मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) रात्रभर चालू द्या. तासाभरात एरर आली नाही म्हणून रॅमला निर्दोष ठरवू नका. सर्व्हरमधली ईसीसी (चूक सुधारणारी) रॅम एका बिटची चूक गुपचूप सुधारते, त्यामुळे सुधारलेल्या चुकांचा आकडाही वाढतोय का ते बघा.

डिस्कचा 'पास' शेरा

स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो अहवाल) वर 'पास्ड' लिहिलेलं असलं तरी खालचे आकडे वाचा. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळी (खराब झालेल्या जागांचे आकडे) शून्यावरून वर चढत असतील तर डिस्क मरणपंथाला लागली. फक्त १९९ (डेटा पोचवतानाच्या चुका) वाढत असेल तर आधी केबल बदला. आणि कळकळीने सांगतो, कुठलीही लांबलचक टेस्ट किंवा रेडचं (अनेक डिस्क जोडून केलेल्या मांडणीचं) रीबिल्ड सुरू करण्याआधी डेटाची कॉपी बाहेर काढा. मरायला टेकलेली डिस्क त्या ताणातच जाते, आणि रेड म्हणजे बॅकप नव्हे.

विजेचंही बघा. दोन एसएमपीएस असून दोन्ही एकाच यूपीएसवर असतील तर यूपीएस बसला की दोन्ही एकदम गेले. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६मध्ये हवी, आणि ती मशीनवर लोड असताना मोजायची.

त्या कारखान्यात आता बॅकप रात्री दोनला चालतो, गुरुवारीही एसी चालू असतो. पुढच्या सुट्टीच्या दिवशी काढलेल्या दोन्ही पट्ट्या मी त्याच सर्व्हरमध्ये परत लावून रात्रभर मेमटेस्टवर ठेवल्या. सकाळी एकही एरर नव्हती. त्या अजून तिथेच आहेत.