निवेदन कुणाच्या हातात द्यायचं?

बी.फार्म. होऊन कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मेडिकलमध्ये उभी राहिले, तेव्हा औषधविक्रेत्यांची संघटना म्हणजे वर्गणीची पावती आणि बंदच्या दिवशी खाली ओढलेलं शटर, एवढंच मला माहीत होतं. २८ सप्टेंबर २०१८ ला ऑनलाइन औषधविक्रीविरुद्ध देशभर बंद झाला, त्यात आम्हीही होतो. पण ऑनलाइन विक्रीच्या नियमांच्या ज्या मसुद्यावरून तो बंद होता, तो केंद्राने आदल्याच महिन्यात राजपत्रात काढला होता आणि मी तो वाचलेला नव्हता. आपल्या मागण्या सरकारपर्यंत नेण्याच्या या कामात नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: मसुदा स्वतः, मुळातून वाचा. हरकती-सूचनांची मुदत त्यातच लिहिलेली असते. ती उलटली की पुढचं काम फार अवघड होतं.

पुढे एका आजींमुळे मी यात ओढली गेले. चक्कर येते म्हणून त्या काउंटरला टेकून उभ्या होत्या. पिशवीत टेल्मिसार्टन या बीपीच्या औषधाच्या दोन स्ट्रिप, नावं वेगळी, औषध एकच. एक नेहमीच्या दुकानातली, दुसरी मुलाने घरपोच मागवलेली. आजी दोन्ही घेत होत्या. बीपी मोजलं, लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, मुलाला बोलावून घेतलं. त्या रात्री मी पहिलं निवेदन लिहिलं. तीन पानं झाली.

ते घेऊन एका आमदारांकडे गेले. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "ताई, नियम दिल्लीत बदलतात. माझ्याकडनं काय पाहिजे ते सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बैठकीत संघटनेतल्या एका ज्येष्ठ काकांनी मग सगळं उलगडून सांगितलं. औषधं हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत. पण औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याचे नियम १९४५ चे, आणि ते बदलणार केंद्र. म्हणून कोविडच्या काळात, मार्च २०२० मध्ये घरपोच औषधांना परवानगी देणारी जी अधिसूचना निघाली, ती मागे घ्या ही मागणी खासदारांमार्फतच जायला हवी. अंमलबजावणी मात्र राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची. दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असतो का, तपासण्या किती झाल्या, निरीक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे सगळं आमदार तारांकित प्रश्नातून, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नातून, विचारू शकतात. विषय तातडीचा असेल तर लक्षवेधी सूचना, म्हणजे मंत्र्यांचं त्या विषयाकडे सभागृहात लक्ष वेधायचं. "मागणीखाली कलम लिही, आणि ते कुणाच्या हातात आहे तेही लिही," काका म्हणाले.

आता आमचं निवेदन एका पानाचं असतं. एक मागणी, एक नियम, काउंटरवरचा एक प्रसंग, तोही पेशंटचं नाव न घालता. आधी जिल्ह्याच्या बैठकीत ठराव, मग राज्य संघटनेकडे. चार जण चार मागण्या घेऊन गेलात तर एकही पुढे सरकत नाही. आणि अधिवेशन सुरू झाल्यावर धावू नका. प्रश्नांच्या सूचना बऱ्याच आधी द्याव्या लागतात. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं, म्हणून आम्ही दिवाळीच्या आसपासच आमदारांची वेळ मागतो.

एच-वन रजिस्टर, म्हणजे नियमांतल्या एच-वन यादीतली औषधं दिल्याची नोंदवही, याबद्दल मात्र थोडं कडक बोलते. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात. आमच्या दुकानातलं रजिस्टर मी निवेदन देतानाच्या एका भेटीत टेबलावर उघडून ठेवलं होतं. सही, तारीख, एकही रकाना रिकामा नाही. फार्मासिस्ट नेमकं काय करतो, हे मला फारसं बोलून सांगावं लागलं नाही. ज्यांचं रजिस्टर महिन्याच्या शेवटी एकदम भरलं जातं, त्यांनी कायद्याबद्दल बोलायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट, जी कॉलेजात कुणीच सांगत नाही. विधान परिषदेवर पदवीधरांनी निवडून दिलेले आमदारही असतात, आणि कोल्हापूर पुणे पदवीधर मतदारसंघात येतं. ही मतदारयादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते, जुनं नाव चालत नाही. पदवीला तीन वर्षं झाली असतील तर नमुना १८, म्हणजे या यादीत नाव घालायचा अर्ज, भरा. मागच्या खेपेला आमच्या गल्लीतल्या तीन फार्मासिस्टांचे अर्ज मीच काउंटरवर भरून घेतले, दुपारी गर्दी नसताना.