पावसाळ्यात कडकनाथची पिल्लं कवचातच मरत असतील तर

पिल्लू पूर्ण वाढलेलं, पण एकविसाव्या दिवशी टोच न मारताच मेलेलं. अंडं फोडलं की आत चिकट पाणी. कडकनाथ कोंबडी खुडूक क्वचितच बसते, म्हणून अंडी उबवायला भिस्त इन्क्युबेटर यंत्रावरच.

नर बदलला, थर्मामीटर बदलला, ट्रेमध्ये पाणी वाढवलं. पाण्याने मर उलट वाढली. फार जीव तुटला.

अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के घटावं लागतं. पन्हाळ्याकडच्या जुलैच्या दमट हवेत ते घटत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू गुदमरतं.

आधी यंत्र गोठ्याशेजारून कोरड्या खोलीत हलवलं. माझ्या मते निम्मं काम इथेच झालं. मग प्रत्येक अंड्याचं वजन पेन्सिलीने कवचावर लिहिलं. पंख्याच्या यंत्रात तापमान ३७.५ अंश, ट्रे कोरडा, हवेची भोकं पूर्ण उघडी. ४५ ग्रॅमचं अंडं सातव्या दिवशी ४३ आणि अठराव्या दिवशी ३९-४० ग्रॅमवर यायला हवं. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद, ट्रेमध्ये कोमट पाणी, आर्द्रता ६५ ते ७० टक्के. त्यानंतर पिल्लं निघेपर्यंत झाकण उघडायचं नाही, कितीही चिवचिव ऐकू आली तरी.

आता बहुतेक पिल्लं आपणहून बाहेर येतात. उन्हाळ्यात मात्र ट्रे कोरडा ठेवू नका, अंडी जास्त सुकतात.