कॉलनीतल्या ओपन स्पेसची बाग: आधी सावली, मग घसरगुंडी

४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. त्यामुळे जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूरकडच्या बहुतेक कॉलन्यांमध्ये जागा आहे, पण तिच्यावर गाजरगवत वाढलेलं असतं. आमदार निधी किंवा जिल्हा नियोजनचे पैसे आले की कंपाउंड, गेट, रंगीत खेळणी आणि लॉन एकदम होतं, आणि दोन उन्हाळ्यांत सगळं ओसाड पडतं. या निधीतून वस्तू घेता येतात, पाणी आणि माणूस घेता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: मे महिन्यात झाडांना पाणी कोण घालणार, आणि त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार? याचं उत्तर लेखी मिळेपर्यंत खेळण्यांचं कोटेशन मागवू नका.

कागद आधी बघा. मंजूर लेआउटचा नकाशा आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा, भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवून घ्या. वरून विजेच्या तारा जात असतील, तर त्यांच्याखाली उंच झाडं आणि खेळणी नकोत. नाल्याकाठची जागा असेल, तर पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं ते शेजारच्या जुन्या रहिवाशांना विचारा.

मग लोकांना विचारा. सभेत पुरुष बोलतात आणि व्हॉलीबॉलचं मैदान मागतात, म्हणून बायकांशी बचत गटाच्या बैठकीत वेगळं बोला. संध्याकाळी सातनंतर यायची भीती वाटते का, शौचालय नाही म्हणून येणं टाळता का, हे तिथेच कळतं. रविवारी आणि बाजाराच्या दिवशी सकाळी, दुपारी, संध्याकाळी त्या जागेवर कोण येतं-जातं ते मोजून ठेवा. पारा ४४-४५ अंशांवर गेला की आपल्याकडे बाग सकाळी आठच्या आत आणि दिवेलागणीनंतरच वापरात असते. म्हणजे दिवे ही चैन नव्हे. खांब वाटेच्या कडेला लावा, झाडाच्या फांदीत अडकणार नाहीत असे, आणि कुंपणालगतची झुडपं अडीच फुटांवर छाटलेली ठेवा, म्हणजे रस्त्यावरून आतलं दिसतं.

आराखड्याचा गाभा पश्चिमेची बाजू. दुपारनंतरचं ऊन तिकडून येतं, म्हणून पश्चिम आणि नैर्ऋत्येला निंब आणि करंज यांची ओळ ६ ते ८ मीटर अंतराने लावा. खेळायची जागा आणि बाक त्या ओळीच्या पूर्वेला, म्हणजे मुलं यायच्या वेळेला सावली त्यांच्यावर पडते. वड-पिंपळ एखादाच, भिंतीपासून आणि पाइपलाइनपासून लांब. खड्डे उन्हाळ्यात ३ फूट लांब-रुंद-खोल खणून तापू द्या. पाच-सहा फुटी रोपं पहिला दमदार पाऊस झाल्यावर लावा. ठिबकची नळी टाका आणि बुडाशी उसाचं पाचट किंवा केळीची वाळलेली पानं पसरा. रावेर-यावलकडे ती फुकट मिळतील. पहिले तीन उन्हाळे चार-पाच दिवसांआड २५-३० लिटर पाणी प्रत्येक झाडाला हवंच.

लॉन शक्यतो नकोच. हजार चौरस फूट लॉन कडक उन्हाळ्यात दिवसाला पाचशे लिटरच्या वर पाणी पितं. तेवढ्यात वीस झाडांची एक पाळी होते, आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात लोक ते सहनही करणार नाहीत.

झाडं मोठी होईपर्यंत खेळण्यांवर पाइपच्या सांगाड्यावर ५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट (सावलीची जाळी) बांधा. ती सोडता येईल अशी दोरीने बांधा. मे-जूनच्या वावधानात, म्हणजे वादळी वाऱ्यात, घट्ट ठोकलेली नेट सांगाड्यासकट उखडते.

आता काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर थेट ओतलेलं काँक्रीट तडकतं. खेळण्यांच्या आणि बाकांच्या पायासाठी दोन-तीन फूट काळी माती काढून मुरूम भरा, ६ इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून दाबून. चालायच्या वाटेलाही तसाच मुरूम, वर दगडाची बारीक कच, बाजूला हलका उतार. पेव्हर ब्लॉक तापतात आणि खालची माती हलली की वरखाली होतात. वाट ६ फूट रुंद ठेवा. २० गुंठ्यांच्या चौकोनी जागेत कडेने फिरणारी वाट साधारण दीडशे मीटर भरते, सहा-सात फेऱ्यांत एक किलोमीटर. गेटपाशी पायरी नको. उतार १२ फुटांना १ फुटापेक्षा जास्त चढा नको.

पत्र्याची घसरगुंडी उन्हात मुलांचे पाय भाजते. फायबरची घ्या आणि तोंड उत्तरेकडे करा. खेळण्यांखाली फूटभर जाड वाळू, चहूबाजूंनी ६ फूट मोकळं. झोक्याला पुढे आणि मागे, आडव्या दांडीच्या उंचीच्या दुप्पट जागा सोडा. नेमकी तीच सोडली जात नाही, आणि मुलांची टक्कर तिथेच होते. ओपन जिमची लोखंडी यंत्रंही सावलीतच, नाहीतर सकाळी नऊनंतर हात लागत नाही.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाचा, विचार आराखड्यातच करा. माहेरवाशिणी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. झाडं कोवळी असेपर्यंत मोठ्या बायकांचं वजन पेलेल अशी जाड पाइपची एक चौकट उभी करा, पाया तीन फूट खोल. वर्षभर तिच्यावर मुलींचा झोका राहील. जागा उरली तर कबड्डीसाठी १३ बाय १० मीटर आणि भोवती मोकळी पट्टी. व्हॉलीबॉलला १८ बाय ९ लागतं, वर चहूबाजूंनी ३ मीटर.

गावात हे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात बसवायचं असेल, तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडा. शहरात अंदाजपत्रक बनायच्या आधी, नोव्हेंबर-डिसेंबरात, प्रभागातून लेखी मागणी द्या. ठरावात तीन गोष्टी लिहून घ्या: अर्धवेळ माळी, पाण्याचा स्रोत आणि विजेचं बिल कोण भरणार. गेटची चावी कुणाकडे राहील, तेही. दर आठवड्याला वाळू उकरून काचा काढायच्या, दर महिन्याला साखळ्या, बोल्ट आणि वेल्डिंग तपासायचं. कडी झिजलेली दिसली, तर झोका त्याच दिवशी उतरवून ठेवा. नवी कडी येईपर्यंत दोरीने बांधून चालवू नका.