थायरॉइडची शंका येते तेव्हा या चुका टाळा

वजन वाढलं की पहिला संशय थायरॉइडवर घेतला जातो. पण थायरॉइड मंदावल्यामुळे वाढणारं वजन बहुधा 2 ते 5 किलोच असतं, आणि त्यातलंही बरंचसं अंगात साठलेलं मीठ-पाणी. वर्षभरात 15 किलो वाढले असतील, तर कारण दुसरीकडेही शोधावं लागेल.

एकटं-दुकटं लक्षण फारसं काही सांगत नाही. थकवा आणि केसगळती हिमोग्लोबिन कमी असतानाही होते, म्हणून टीएसएचबरोबर (थायरॉइडला काम करायला लावणारं संप्रेरक; थायरॉइड मंदावलं की ते रक्तात वाढतं) सीबीसीही (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी) करून घ्यावी. मात्र पूर्वी नसलेल्या तीन-चार गोष्टी काही महिन्यांत एकदम मागे लागल्या, तर तपासणी लांबवू नका: घरात सगळ्यांना पंखा हवा असताना आपल्यालाच गारठा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, घोगरा आवाज, पाळीत जास्त रक्तस्राव, सुजरा चेहरा. कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, तर त्याची गोळी सुरू करण्याआधीही टीएसएच बघायला हवं.

थायरॉइड जोरात चालू लागलं की त्याला ‘टेन्शन’ म्हणून सोडून दिलं जातं. भूक चांगली असूनही वजन उतरतं, हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. इथे घड्याळ कामाला येतं. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातच पडून, पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. नुसत्या काळजीने वाढलेली नाडी झोपेत उतरते. थायरॉइडची सहसा उतरत नाही. तीन-चार दिवस 100 च्या वर किंवा अनियमित लागली, तर डॉक्टरांना दाखवा. धडधडीबरोबर धाप, छातीत दुखणं किंवा भान हरपल्यासारखं वाटलं, तर थेट रुग्णालयात जा. उतारवयात बऱ्याचदा थरथर वगैरे काही नसतं. अनियमित नाडी आणि घटणारं वजन एवढंच दिसू शकतं. बाळंतपणानंतरच्या वर्षात हीच लक्षणं जागरणांच्या खात्यावर टाकली जातात, तेही चूक.

गळाही बघा. आरशासमोर मान किंचित मागे न्या, पाण्याचा घोट गिळा आणि कंठमण्याखाली लक्ष ठेवा. गिळताना वरखाली होणारी गाठ दिसली, तर टीएसएच नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गाठ असूनही टीएसएच नॉर्मल येऊ शकतं. तिच्यासाठी सोनोग्राफी लागते.

सगळ्यात दुर्लक्षित चूक रक्त देण्याआधी होते. केसांसाठीच्या गोळ्यांमध्ये बायोटिन असतं, अनेकदा 5 ते 10 मिलिग्रॅम. लॅबच्या काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-4 (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) खोटं जास्त दिसतं, म्हणजे नसलेला आजार कागदावर उमटतो. निदान दोन दिवस आधी त्या गोळ्या बंद ठेवा आणि लॅबला सांगा. थायरॉइडची गोळी चालू असेल, तर त्या दिवशी रक्त दिल्यानंतर घ्या. फेरतपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी करा, कारण टीएसएच दिवसभरात वरखाली होतं.

टीएसएच किंचित वाढलेलं, 4.5 ते 10 च्या दरम्यान आलं म्हणून घरातल्या कुणाची तरी 50 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करणं धोक्याचं. डॉक्टर बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांनी टीएसएच, फ्री टी-4 (रक्तातलं मोकळं टी-4) आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं) बघून ठरवतात. बऱ्याच जणांचं तोवर आपोआप खाली आलेलं असतं. गर्भवतींनी किंवा मूल होण्याचा विचार असलेल्यांनी मात्र हे दोन-तीन महिने थांबू नये. त्यांच्यासाठी मर्यादा वेगळ्या असतात, आणि अहवाल त्याच आठवड्यात दाखवायला हवा.